पंधरा दिवसांपूर्वी त्या कशा होत्या?

ऐंशीच्या घरातील माणसाला स्ट्रेचरवरून कॅज्युअल्टीत नेले की पहिल्या पाच-दहा मिनिटांत ठरावीक प्रश्न विचारले जातात: त्रास कधीपासून आहे, बीपी-शुगर आहे का, पूर्वी कोणते ऑपरेशन झाले आहे, फाइल आणली आहे का. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. मात्र ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावाचून बाकीच्या उत्तरांचा अर्थच नीट लागत नाही, तो प्रश्न आमच्या इंदूरमध्ये मला फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो: या आजी पंधरा दिवसांपूर्वी कशा होत्या? स्वतःच्या पायांनी संडासला जात होत्या का, स्वतःच्या हाताने जेवत होत्या का, दूधवाल्याचा हिशेब त्यांच्याकडे होता की सुनेकडे?

मी राजेंद्रनगर भागात जनरल प्रॅक्टिस करते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग या वस्त्यांतील जुनी मराठी कुटुंबे आता बरीचशी दोघा-दोघांची उरली आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आणि घरात दोन म्हातारी माणसे, असे चित्र गल्लोगल्ली दिसते. यांपैकी कोणी रात्री-अपरात्री आजारी पडले की १०८ ला फोन करणे, चिठ्ठी लिहून देणे, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांशी बोलणे आणि जमेल तेव्हा स्वतः तिथे जाऊन उभे राहणे हा माझ्या कामाचा भाग झाला आहे. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचले त्यावरून हे लिहीत आहे.

‘प्रकृती तोळामासा आहे’ असे आपण ज्याला म्हणतो, त्याला वैद्यकात आता फ्रेलटी म्हणतात. ती वयाबरोबर वाढत असली तरी वय आणि फ्रेलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्याऐंशी वर्षांचे एक काका रोज पहाटे फिरायला जातात आणि परतताना सगळ्यांसाठी पोहे-जिलबी घेऊन येतात. त्यांच्याच वयाच्या शेजारच्या काकूंना साधा सर्दी-ताप आला तरी आठवडाभर भिंत धरून चालावे लागते. शरीराच्या प्रत्येक अवयवाची राखीव ताकद थोडी-थोडी संपलेली असते आणि मग किरकोळ आजारही माणसाला पार आडवे करतो. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डलहौसी विद्यापीठाचे डॉ. केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ही अवस्था मोजण्यासाठी एक श्रेणी मांडली. आधी तिला सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या. तिला रक्ततपासणी लागत नाही की यंत्र लागत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर बँकेचे काम, बाजारहाट आणि औषधांची उठाठेव दुसऱ्याला करावी लागू लागली की माणूस साधारण पाचव्या पायरीवर असतो, जिना आणि आंघोळ यांना दुसऱ्याचा हात लागू लागला की सहाव्या, आणि अंगावरची सगळीच कामे दुसऱ्यावर आली की सातव्या. पाच किंवा त्याहून वरच्या पायरीला फ्रेल समजतात.

या श्रेणीतली सर्वांत शहाणपणाची अट अशी की पायरी ठरवायची ती आजार येण्याआधीच्या, म्हणजे साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या अवस्थेवरून. न्यूमोनिया झालेला कोणताही म्हातारा माणूस स्ट्रेचरवर सातव्या पायरीचाच दिसतो. तो परवापर्यंत गच्चीवर वाळवणे घालत होता की वर्षभर अंथरुणाला खिळून होता, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. ते फक्त घरचे माणूस सांगू शकते. दोघांच्या आजाराचे नाव एकच असले तरी उपचारांचे उद्दिष्ट, बरे होण्याची शक्यता आणि घरी सोडताना करावयाची तजवीज ही पूर्णपणे वेगळी असते.

हीच गोष्ट आकड्यांची. वरचा बीपी ११० दिसला की नर्स समाधानाने पुढच्या रुग्णाकडे वळते, कारण तिशीतल्या माणसात तो उत्तम असतो. पण ज्या आजोबांचा बीपी गोळ्या घेऊनही वर्षानुवर्षे १५०-१६० राहिला आहे, त्यांच्यासाठी ११० ही धोक्याची घंटा असू शकते. अपघातातील जखमींची वर्गवारी करण्याच्या २०११ च्या अमेरिकन नियमावलीत ६५ वर्षांपुढील व्यक्तीचा वरचा बीपी ११० च्या खाली असल्यास तो शॉक, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याची अवस्था, असू शकतो, असे मुद्दाम नमूद केले होते. बीटा ब्लॉकर गटातील (बीपी-हृदयासाठीची, नाडी मंद ठेवणारी) गोळी घेणाऱ्याची नाडी रक्तस्राव होत असतानाही फारशी वाढत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरूनही अनेक वृद्धांना ताप चढत नाही. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसत्या दमाने, मळमळीने किंवा ‘आज काही बरे वाटत नाही’ एवढ्याच तक्रारीने येतो. म्हणून ‘कमजोरी आहे’ हे शब्द कॅज्युअल्टीत हलक्यावारी घेतले जातात, ते मला खटकते. कालपर्यंत नसलेली कमजोरी हे लक्षण आहे, वयाचा स्वभाव नव्हे.

एक प्रसंग तपशिलाने सांगते. सत्तरीच्या अखेरीस असलेल्या एका काकांना सकाळी बोलता येईना, उजवा हात उचलेना. शेजाऱ्यांनी ‘लकवा मारला’ म्हणून गाडीत घातले आणि मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने सीटी स्कॅनला पाठवण्याआधी बोटाला टोचून शुगर पाहिली होती; ती ३८ होती. शिरेतून ग्लुकोज गेले आणि काही मिनिटांत काकांनी डोळे उघडले, हात हलवला आणि चष्मा मागितला. शुगर उतरल्यावर हुबेहूब अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसू शकतात, हे पुस्तकात असते. पण समोर पाहिल्यावर घरच्यांना तो चमत्कारच वाटतो. सगळे सैलावले, घरी जाण्याची भाषा सुरू झाली. तेवढ्यात त्या डॉक्टरने काकूंना विचारले, “काकूजी, पंद्रह दिन पहले ये कैसे थे? खाना ठीक से खा रहे थे?” काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “अहो डॉक्टरबाई, दिवाळीनंतर ह्यांचे जेवण निम्म्यावर आले आहे. तीन दिवस तर जुलाब, नुसती पेज. पण शुगरची गोळी मात्र मी एकदाही चुकवली नाही हो.”

त्या एका वाक्यात सगळे निदान होते. गोळी ग्लिमेपिराइडची होती. या गटातील औषध पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावते. जुलाबांनी मूत्रपिंडे मंदावली की त्याचा परिणाम लांबतो आणि एकदा वर आणलेली शुगर काही तासांनी पुन्हा घसरते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले निघाले, काकांना रात्रभर ठेवून घेतले गेले आणि मध्यरात्रीनंतर शुगर खरोखरच पुन्हा उतरली. घरी असते तर ती झोपेत उतरली असती. काकूंचे त्यात काहीही चुकले नव्हते. भूक गेली तर कोणती गोळी थांबवून फोन करायचा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘चालू ठेवा’ असते, ‘केव्हा थांबवा’ नसते.

याच्या उलट घडलेले उदाहरणही आहे. शहरातील एका खासगी रुग्णालयात रामबागेतल्या एका आजींना न्यूमोनिया म्हणून नेले होते. औषध बरोबर होते, ऑक्सिजन बरोबर होता. पण आत घेतानाच चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र एका पॉलिथिनच्या पिशवीत घालून नातवाच्या हाती दिले गेले आणि तो ती पिशवी सुरक्षित राहावी म्हणून घरी घेऊन गेला. संडासला नेण्याची कटकट नको म्हणून लघवीची नळी घातली. डोक्यावर अखंड जळणारी ट्यूबलाइट, भिंतीवर घड्याळ नाही, जवळ नातेवाईक नाही. रात्री आजी नळी ओढू लागल्या, ‘आई, दार उघड’ म्हणून हाका मारू लागल्या. तेव्हा झोपेचे इंजेक्शन देऊन दोन्ही मनगटे बँडेजपट्टीने कठड्याला बांधली गेली. सकाळी केस पेपरवर पूर्वीपासून डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याची नोंद होती. आदल्याच आठवड्यात या बाईंनी माझ्या दवाखान्यात बसून वृत्तपत्रवाल्याने चार दिवसांचे पैसे जास्त लावल्याचा हिशेब मला तोंडी मांडून दाखवला होता.

याला डेलिरिअम म्हणतात आणि तो मेंदूचा तातडीचा बिघाड आहे. घरी त्याला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देतात आणि रुग्णालयात डिमेन्शिया म्हणून. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो, डेलिरिअम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. आरडाओरडा करणारा रुग्ण निदान लक्षात तरी येतो. जो गप्प पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटतो, तो ‘शांत झोपला आहे’ असे समजले जाते आणि खरे तर तोच अधिक धोक्यात असतो. हे ओळखण्यासाठी फोर-ए-टी नावाची दोन मिनिटांची चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात माणूस कितपत जागा आहे हे पाहतात; वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात; महिन्यांची नावे उलट म्हणायला लावतात; आणि शेवटी हा बदल अलीकडे अचानक झाला आहे का, हे विचारतात. एकूण चार किंवा अधिक गुण झाले की डेलिरिअमचा संशय घ्यायचा, आणि शेवटच्या एकाच प्रश्नाला चार गुण आहेत.

मला ही गुणवाटणी आपल्या लोकांसाठी फार उपयोगाची वाटते. आमच्या पिढीच्या आजी-आजोबांपैकी अनेकांची जन्मतारीख म्हणजे शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली तारीख. ती चुकली म्हणून मेंदू बिघडला असे होत नाही. डिसेंबरपासून उलट जाताना अडखळणाऱ्या काही आजी फाल्गुन, माघ, पौष असे न थांबता म्हणतात. त्यात प्रश्न हिंदीत विचारले जातात. एरवी भाजीवाल्याशी फर्मास इंदुरी हिंदी बोलणाऱ्या बाई ग्लानीत असल्या की मराठीतच उत्तरे देतात आणि तिथल्या नोंदीत ते ‘असंबद्ध बडबड’ म्हणून जाते. घरच्या माणसाला विचारलेला प्रश्न मात्र या सगळ्या अडचणींतून सुटतो: काल-परवापर्यंत या अशा होत्या का?

त्या आजींची सून दुसऱ्या दिवशी चष्मा, कवळी आणि यंत्र घेऊन आली, भांडून आत बसली, नळी काढवून घेतली. आजी हळूहळू माणसांत आल्या, पण पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले आणि चालणे पहिल्यासारखे झालेच नाही. हात बांधण्याने आणि अनावश्यक नळीने डेलिरिअम वाढतो, नळीने लघवीचा संसर्गही होतो. हे तिथल्या कोणाला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात हे मला दिसते. पण म्हणूनच नातेवाइकाला बाहेर काढण्याचा हट्ट मला अनाकलनीय वाटतो. ओळखीचा चेहरा उशाशी असणे हा या आजारावरचा उपचार आहे आणि तो फुकट आहे.

भ्रमिष्टपणाचे कारण शोधताना दोन गोष्टी आपल्याकडे हमखास पुढे येतात. एक रक्तातले सोडियम: बीपीसाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळीने ते उतरते, आणि ते झपाट्याने वर आणणे मेंदूला घातक असल्याने धीराने वाढवावे लागते, ‘आजच्या आज नॉर्मल करा’ हा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. दुसरी लघवीची तपासणी. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसतानाही जंतू सापडणे सर्रास आहे, त्यामुळे रिपोर्टवर जंतू दिसले की ‘कारण सापडले’ म्हणून शोध थांबवणे धोक्याचे असते. जळजळ नाही, ताप नाही, तर खरे कारण बहुधा दुसरीकडे असते: बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया किंवा वर्षानुवर्षे घेतलेली अल्प्राझोलामची गोळी भरती झाल्यावर अचानक बंद होणे. ही शेवटची शक्यता फार वेळा निसटते, कारण झोपेची गोळी घरचे लोक ‘औषध’ म्हणून सांगतच नाहीत.

पडण्याविषयी थोडक्यात. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला असेल तर तो ठणठणीत दिसत असला तरी सीटी स्कॅन हवा. एक्स-रे स्वच्छ असूनही पायावर भार देता येत नसेल तर खुब्याचे बारीक फ्रॅक्चर असू शकते. आणि खुबा मोडलाच असेल तर जांघेत नस बधिर करण्याचे इंजेक्शन देता येते. त्याने वेदना चांगली आवरते आणि गुंगी आणणारी औषधे कमी लागतात. ‘का पडल्या?’ हा प्रश्न ‘काय मोडले?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, तो मात्र प्लास्टर ओले असतानाच विसरला जातो.

घरी सोडण्याच्या वेळी मी एकच आग्रह धरते: सोडण्याआधी रुग्णाला उठवून चालवून बघा. खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळून परत येऊन बसणे ही १९९१ सालापासून रूढ असलेली साधी चाचणी आहे. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी काठी घेऊन देवळापर्यंत जात होता आणि आज पलंगावरून उठू शकत नाही, त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असले तरी तो घरी जाण्याजोगा नाही. उलट, ‘दोन दिवस देखरेखीखाली असू द्या’ हेही नेहमी निरुपद्रवी नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांचे चरबी सोडून उरलेले वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटले. ते निरोगी होते. आपल्या तोळामासा प्रकृतीच्या काकूंचे काय होत असेल?

फ्रेलटी मोजण्याचा एक गैरवापर मात्र होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने कोविडच्या अतिदक्षता निर्णयांसाठी ही श्रेणी वापरण्याची सूचना केली, तेव्हा जन्मजात किंवा दीर्घकालीन अपंगत्व असलेल्या तरुणांनाही त्याच मापाने मोजले जाईल अशी रास्त भीती व्यक्त झाली आणि काही दिवसांतच त्या सूचनेत दुरुस्ती करावी लागली. पायरी वरची आहे म्हणून दार बंद करायचे नसते. या माणसाला काय सोसेल आणि काय हवे आहे, हे ठरवायचे असते. आपल्याकडे मला भीती दुसऱ्या टोकाची वाटते. परदेशातला मुलगा फोनवरून ‘आईला ताबडतोब आयसीयूत घ्या, खर्चाचा विचार करू नका’ म्हणतो. त्यात प्रेम असते, अपराधभावही असतो, पण आईला काय हवे आहे हे तिला कोणी विचारलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजे पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार हवेत किंवा नकोत याचा कागद, लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो साक्षांकित करता येतो. माझ्या रुग्णांपैकी फार थोड्यांनी तो केला आहे. नातवाच्या मुंजीची यादी महिनाभर आधी करणारी आमची माणसे या विषयावर मात्र ‘असले अभद्र कशाला’ म्हणून उठून जातात.

व्यवस्थेविषयी बोलायचे तर अमेरिकेतील चार वैद्यकीय व परिचर्या संघटनांनी २०१४ साली वृद्धांच्या आपत्कालीन सेवेची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१८ पासून तिथे अशा विभागांना तीन स्तरांवर मानांकन मिळते. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ साली मान्य झाली, वृद्धवैद्यकाचे एम.डी. शिक्षण चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९९० च्या दशकातच सुरू झाले असले तरी अशा डॉक्टरांची संख्या अजून तुटपुंजी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले, ही मोठी सोय आहे. पण ती भरती झाल्यावरची. कॅज्युअल्टीतून सुधारून घरी जाणाऱ्याला हवी असते ती फिजिओथेरपी, वॉकर आणि दोन दिवसांनी येणारा एक फोन, आणि त्यांचा कोणत्याही पॅकेजमध्ये समावेश नसतो. स्ट्रेचरवर जाड गादी, भिंतीवर मोठे घड्याळ, नातेवाइकासाठी एक स्टूल आणि केस पेपरवर ‘दोन आठवड्यांपूर्वीची स्थिती’ असा एक रकाना, एवढे तरी इंदूरमधल्या लहानातल्या लहान रुग्णालयाला परवडण्याजोगे आहे.

तोवर घरोघरी मी एक कागद लिहून घेते. त्यावर चालणे, आंघोळ, जेवण, संडास आणि हिशेब यांतले काय स्वतः करतात व कशाला हात लागतो. नेहमीचा बीपी आणि नेहमीचे वजन. झोपेच्या गोळीसह आणि काढ्या-चूर्णांसह सगळी औषधे. चष्मा, कवळी, यंत्र आहे की नाही. कोणती भाषा नीट समजते. आणि रात्री कोणाला फोन करायचा, एवढेच असते. वर तारीख घालायची आणि दर तीन महिन्यांनी कागद बदलायचा. मुलांना हे सगळे मोबाइलमध्ये ठेवायचे असते, पण फोन मालकाच्या बोटाने उघडतो आणि ते बोट नेमके सलाइनच्या पट्टीखाली असते. म्हणून कागदच बरा, आणि तो देवघरात किंवा तिजोरीत न ठेवता औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायचा, कारण १०८ ची माणसे आली की घरातले पहिल्यांदा तो डबाच उचलतात.